अर्ध्यावर थांबवलेली आग

1 जून 1974, शनिवार. संध्याकाळचे पाच वाजायला सात मिनिटं असताना इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातला फ्लिक्सबरोचा नायप्रो कारखाना स्फोटानं उद्ध्वस्त झाला. 28 माणसं गेली. इतर वारी कचेऱ्या भरलेल्या असत्या आणि मृतांचा आकडा कितीतरी वाढला असता. चौकशीत पुढं आलेलं कारण पुढच्या पिढ्यांच्या अभियंत्यांना पाठच झालं. एकापुढं एक मांडलेल्या सहा भांड्यांपैकी पाचव्याला चीर पडली होती. ते काढून चौथं आणि सहावं भांडं एका तात्पुरत्या पाइपानं जोडलं गेलं. त्या पाइपाला धड आधार नव्हता, त्याचा आराखडाही कुणी नीट तपासला नव्हता. तोच फाटला.

पण पाइप फाटला म्हणून एवढा विध्वंस का व्हावा? तर त्या भांड्यांमध्ये 155 अंश सेल्सिअसला तापलेलं, दाबाखाली कोंडलेलं सायक्लोहेक्झेन प्रचंड प्रमाणात खेळत होतं. नायलॉनचा कच्चा माल बनवण्यासाठी त्यात हवा सोडली जाई. हवेतला ऑक्सिजन सायक्लोहेक्झेनला जोडून सायक्लोहेक्झेनॉल आणि सायक्लोहेक्झेनोन तयार करायची, एवढीच प्रक्रिया. मात्र एका फेरीत जेमतेम 6 टक्के सायक्लोहेक्झेनचंच रूपांतर होऊ दिलं जाई. उरलेलं वेगळं काढायचं आणि पुन्हा आत सोडायचं. असं मुद्दाम करावं लागे, कारण तयार झालेला माल कच्च्या मालापेक्षा लवकर जळतो. अल्कोहोल झालं की ऑक्सिजन त्यालाच आधी धरतो, मग पुढं आम्ल, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. गुऱ्हाळावर काहील उतरवण्याची घडी गुळव्यालाच कळते. अलीकडे उतरवली तर काकवी, पलीकडे गेली तर करपट. इथं ती घडी गाठायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे फारच लवकर उतरवणं. म्हणून थोडा माल मिळवण्यासाठी ज्वालाग्राही द्रवाचा डोंगर सतत फिरवत ठेवायचा. फ्लिक्सबरोला पेटला तो हा डोंगर.

निवडक ऑक्सिडीकरण म्हणतात ते हेच: पेटू पाहणारी प्रक्रिया नेमक्या पायरीवर अडवायची. प्लास्टिक, औषधं, अत्तरं, रंग, जंतुनाशकं, कुठल्याही कारखान्यात शिरलं तरी ही पायरी भेटते. औषधांच्या प्रयोगशाळांमध्ये ती जुन्या काळी क्रोमिक आम्लानं किंवा पोटॅशियम परमँगनेटनं सोडवत. धातूचा क्षार वजनानं भरपूर घालायचा, काम झालं की विषारी गाळ म्हणून फेकायचा. 1992 साली रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञानं एक साधा हिशोब मांडला: एक किलो मालामागं किती किलो कचरा? पेट्रोलियम शुद्धीकरणात हा आकडा एकाहून बराच कमी येत होता. औषधांच्या धंद्यात तो 25 पासून 100 च्याही पुढं जात होता. हा हिशोब मला त्या दशकातल्या कित्येक नव्या रेणूंपेक्षा मोलाचा वाटतो. त्यानं रसायनशास्त्राला स्वतःच्या गटाराकडं बघायला लावलं.

उपाय तोंडानं सांगायला सोपा होता. धातू थोडाच वापरायचा, तो घन पदार्थात पक्का बसवायचा, ऑक्सिजन हवेतून किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमधून घ्यायचा, काम झालं की उत्प्रेरक गाळून काढायचा आणि पुन्हा वापरायचा.

पहिलं खरं यश इटलीत आलं. स्नामप्रोजेत्ती कंपनीच्या तारामासो, पेरेगो आणि नोतारी यांनी सिलिकाच्या सच्छिद्र स्फटिकात टायटॅनियमचे विरळ अणू बसवले. या टीएस-1 चं अमेरिकन पेटंट 1983 चं. त्याची गंमत अशी की सिलिकाचा तो सापळा पाण्याला जवळ करत नाही. पाण्यात विरघळलेलं पेरॉक्साइड वापरलं तरी पाणी छिद्रांत गर्दी करत नाही आणि टायटॅनियम आपलं काम करत राहतं. 1986 मध्ये रावेन्नाला फिनॉलपासून कॅटेकॉल आणि हायड्रोक्विनोन बनवण्याचा कारखाना त्याच्यावर सुरू झाला. पुढं 2008 च्या सुमारास अँटवर्प आणि दक्षिण कोरियातल्या उल्सान इथं प्रोपिलीन ऑक्साइडचे मोठे कारखाने याच जातीच्या उत्प्रेरकावर उभे राहिले. तिथं सोबत निघणारा पदार्थ म्हणजे निव्वळ पाणी.

आपल्याकडं या लाटेत पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा फार लवकर उतरली. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली टीएस-2 हे भावंड प्रसिद्ध केलं. टायटॅनियमवर ऑक्सिजन नेमका कुठल्या रूपात बसतो याचा प्रयोगशाळेच्या पाषाणमधल्या आवारात पुढं वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्याच दशकात तिथं आणखी एक वाट धुंडाळली गेली. झिओलाइट या सच्छिद्र स्फटिकाच्या पोकळ्यांत तांब्याच्या थॅलोसायनिनचे रेणू कोंडून बसवायचे आणि त्यांच्याकडून ऑक्सिजनचं काम करून घ्यायचं. थॅलोसायनिनच्या मध्यभागी धातू आणि भोवती नायट्रोजन, आपल्या रक्तातल्या हीमसारखी रचना. धातूचा एकेक अणू, त्याच्याभोवती ठरावीक शेजार, आणि त्या सगळ्याला एक खोली. पुढच्या गोष्टीचं बी पुण्यातल्या या कामातही होतं, असं मला वाटतं.

टीएस-1 ची मर्यादा मात्र त्याच्या दारातच होती. त्याची छिद्रं साधारण साडेपाच आंगस्ट्रॉमची, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागाहूनही अरुंद. फिनॉल आत जातो, औषधांचे आणि सुगंधी द्रव्यांचे ऐसपैस रेणू दाराशीच अडतात. मग लोकांनी टायटॅनियमऐवजी क्रोमियम, व्हॅनेडियम, कोबाल्ट बसवून पाहिले, मोठ्या छिद्रांचे सापळे घेतले. शोधनिबंधांचा पाऊस पडला. प्रत्येकाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: उत्प्रेरक पुन्हा वापरता येतो.

शेल्डननी डेल्फ्टमध्ये हे वाक्य तपासायला घेतलं. त्यांची कसोटी साधी, म्हणूनच निर्दय होती. प्रक्रिया अर्ध्यावर आली की भांडं गरम असतानाच उत्प्रेरक गाळून काढायचा आणि नुसतं गाळलेलं द्रावण तसंच तापत ठेवायचं. उत्प्रेरक खरोखर घन असेल तर काम तिथंच थांबलं पाहिजे. चालूच राहिलं तर धातू सुटून द्रावणात उतरला आहे आणि आतापर्यंतची सगळी करामत त्या सुटलेल्या धातूची आहे. गाळायचं ते गरम असतानाच, कारण द्रावण गार झालं की सुटलेला धातू पुन्हा घन पदार्थावर जाऊन बसू शकतो आणि चोरी झाकली जाते. क्रोमियमचे कितीतरी नावाजलेले उत्प्रेरक या कसोटीत पडले. धातूचा अगदी क्षुल्लक अंश सुटलेला असे आणि तेवढ्यानंच सारं काम होत असे. 1998 साली शेल्डन आणि सहकाऱ्यांनी या सगळ्याचा आढावा लिहिला. हे उत्प्रेरक म्हणजे परीस की ट्रॉयचा घोडा, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला. पुढं येणाऱ्या प्रत्येक नव्या पदार्थाला या दारातून जावं लागणार होतं.

असा नवा पदार्थ तोवर जन्मलाही होता, आणि त्याची कथा सुरू होते फ्लिक्सबरोच्याच वर्षी. मेलबर्न विद्यापीठात शिकवणारे रिचर्ड रॉबसन 1974 मध्ये विद्यार्थ्यांसाठी स्फटिकांच्या प्रतिकृती तयार करत होते. लाकडी गोळे म्हणजे अणू, काड्या म्हणजे बंध. गोळ्यांना छिद्रं पाडायला कार्यशाळेकडं द्यायची तर कुठं आणि कुठल्या कोनात, हे आधी सांगावं लागे. हे सांगताना त्यांच्या लक्षात आलं की छिद्रांच्या जागा ठरल्या की पुढची सगळी इमारत आपोआप ठरते. मग अणूऐवजी आख्खे रेणू घेतले तर? हा विचार मनात दहा वर्षांहून अधिक काळ मुरला. 1989 मध्ये त्यांनी बर्नार्ड हॉस्किन्स यांच्यासह तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक सेंद्रिय रेणू घेऊन हिऱ्याच्या रचनेची जाळी बनवली. हिऱ्यात अणू खच्चून भरलेले असतात. या जाळीत पोकळीच जास्त होती. पुढच्याच वर्षीच्या निबंधात त्यांनी अशा पोकळ्यांत एक दिवस उत्प्रेरण चालेल असं लिहून ठेवलं.

लोकांना ते पटलं नाही, आणि न पटण्यासारखंच होतं. पोकळ्यांतला द्रावक काढला की या जाळ्या कोसळत. जपानच्या सुसुमु कितागावांनी 1997 मध्ये वायू आत घेणारी आणि बाहेर सोडूनही उभी राहणारी जाळी दाखवली. अम्मानमध्ये पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात वाढलेले आणि अमेरिकेत जाऊन रसायनशास्त्रज्ञ झालेले ओमर याघी यांनी 1999 च्या नोव्हेंबरात मॉफ-5 जाहीर केला. एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग 2900 चौरस मीटर. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये तांब्याची एचकेयूएसटी-1 ही जाळी झाली. आता अशा पदार्थांना मेटल-ऑर्गेनिक फ्रेमवर्क, थोडक्यात मॉफ, हे नाव रुळलं. कोपऱ्यांवर धातू आणि त्यांना जोडणाऱ्या कार्बनी दांड्या. दांडी लांब घेतली की खोली मोठी. टीएस-1 च्या दारात अडलेल्या रेणूंना इथं जागा होती.

मॉफ-5 ची दांडी म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्ल, प्लास्टिकच्या बाटलीत आणि टेरिलीनच्या शर्टात असतं तेच. हे आम्ल स्वतः निवडक ऑक्सिडीकरणाचं जगातलं एक सर्वांत मोठं उत्पादन आहे. पॅराझायलीनमध्ये हवा सोडायची, कोबाल्ट आणि मँगनीजचे क्षार, ब्रोमाइड आणि ॲसेटिक आम्ल यांच्या साथीनं. रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेच्या रिलायन्सच्या कारखान्यातही ते बनतं. ही प्रक्रिया नीट थांबते, कारण हे आम्ल आणखी जळायला सहज तयार होत नाही. जाळीला ऑक्सिडीकरणासमोर टिकायचं असेल तर तिच्या दांड्या अशाच हव्यात, ज्यांना जेवढं जळायचं तेवढं जळून झालेलं आहे.

कच्चा दुवा दुसरीकडं होता. मॉफ-5 मधला जस्त आणि ऑक्सिजनचा बंध हवेतल्या दमटपणानंही सुटू लागतो. पेरॉक्साइड तर पाण्यासकटच येतं आणि काम करून पुन्हा पाणीच होतं. म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या भांड्यात ही सुंदर जाळी टिकायचीच नाही. उत्तर आलं व्हर्सायहून. तिथल्या संस्थेला लाव्हाझिएचं नाव आहे, ज्यानं जळणं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग हे जगाला दाखवून दिलं. जेरार फेरे आणि त्यांच्या चमूनं 2005 मध्ये तेच टेरेफ्थॅलिक आम्ल आणि क्रोमियम घेऊन मिल-101 केला. त्याच्या खोल्या 29 आणि 34 आंगस्ट्रॉमच्या. क्रोमियम आपल्या शेजाऱ्यांचा हात फार सावकाश सोडतो, म्हणून ही जाळी पाण्यात टिकते. 2008 मध्ये ऑस्लोच्या लिलेरुद यांच्या गटानं झिर्कोनियमची यूआयओ-66 दिली. इथं धातूच्या एका पुंजक्याला बारा बाजूंनी दांड्या जोडलेल्या.

उत्प्रेरणाचे प्रयोग मात्र आधीच सुरू झाले होते. 1994 मध्ये जपानच्या माकोतो फुजितांनी कॅडमियमच्या जाळीवर एक प्रक्रिया घडवून दाखवली होती. ती ऑक्सिडीकरणाची नव्हती. ऑक्सिडीकरणात मला सर्वांत आवडणारा प्रयोग 2006 चा, शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला. सोन्बिन न्यूयेन आणि जोसेफ हप यांच्या गटानं मँगनीजचा सॅलेन नावाचा प्रसिद्ध रेणूच जाळीची दांडी म्हणून वापरला. हा रेणू दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवताना डावा-उजवा भेद पाळतो, औषधांसाठी तो अनमोल. पण द्रावणात मोकळा सोडला की त्याचे रेणू एकमेकांना गाठतात, एक दुसऱ्यालाच ऑक्सिडाइझ करतो आणि थोड्याच वेळात सगळे थंडावतात. जाळीत प्रत्येकाची जागा ठरलेली, कुणाला कुणाचा हात पोचत नाही. जाळीतला उत्प्रेरक तासन्‌तास चालला आणि गाळून पुन:पुन्हा वापरता आला. डाव्या-उजव्याची निवड थोडी घटली, 88 टक्क्यांऐवजी 82. एवढ्या किमतीत मिळालेलं आयुष्य स्वस्तच म्हणायचं. उत्प्रेरक ठेवायला जागा म्हणून जाळी वापरणाऱ्यांपेक्षा या गटाची समज खोल होती. इथं जाळीच्या भूमितीनंच त्याचं मरण टाळलं.

2008 हे वर्ष गर्दीचं. वॅलेन्सियामध्ये आवेलिनो कोर्मा, एर्मेनेगिल्दो गार्सिया आणि सहकाऱ्यांनी तांबं आणि कोबाल्टच्या जाळ्या वापरून साध्या हवेनं टेट्रालीनचं ऑक्सिडीकरण केलं. गार्सियांच्या सोबत पुढं मदुराईचे अमरजोती धक्षिणामूर्ती यांनी लोखंडाच्या जाळ्यांवर हवा आणि पेरॉक्साइडचं भरपूर काम केलं. सायबेरियात नोवोसिबिर्स्कला ओक्साना खोलदेयेवा यांनी मिल-101 च्या मोठ्या खोल्यांत कोबाल्ट आणि टायटॅनियम असलेले ऑक्साइड-पुंजके बसवले. टर्पेंटाइनमध्ये असतं त्या पायनीनपासून सुगंधी पदार्थ बनवता येतात का, हे त्या पाहत होत्या. चार वर्षांनी त्यांच्याच गटानं मिल-101 वर सायक्लोहेक्झेन घेतलं.

खोलदेयेवांच्या निबंधांबद्दल मला विशेष आदर आहे, कारण त्यांत यशासोबत त्याची हद्दही लिहिलेली असते. किती तापमानापर्यंत जाळी शाबूत राहते, पेरॉक्साइड किती पातळ ठेवावं लागतं, त्यापुढं गेलं की पुंजके धुऊन निघतात की जाळीच ढासळते, हे सगळं शेल्डनच्या कसोटीनिशी तपासलेलं. लोखंडाचा मिल-101 क्रोमियमच्या भावंडाएवढी उष्णता सोसत नाही, हेही तिथंच नोंदलं आहे. क्रोमियम विषारी, लोखंड निरुपद्रवी. टिकाऊपणा आणि निरुपद्रवीपणा यांची निवड करावी लागते, ही अडचण अजून सुटलेली नाही.

दुसरीकडं पुनर्वापराची चित्रं छापणं ही रीतच पडली. पाच उभे पट्टे, पाचही सारख्याच उंचीचे, म्हणजे उत्प्रेरक पाच वेळा वापरला आणि उत्पन्न घटलं नाही. यातली फसगत रसायनशास्त्रज्ञ सुसाना स्कॉट यांनी 2018 मध्ये स्पष्ट शब्दांत मांडली. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत भांडं चालू ठेवलं तर अर्धा मेलेला उत्प्रेरकही शेवटी शंभर टक्के माल देतो, फक्त उशिरा. तो थकला का हे पाहायचं असेल तर प्रक्रिया अर्ध्यावर असताना तिचा वेग मोजला पाहिजे. शिवाय क्ष-किरणांच्या आलेखात स्फटिकाच्या रेघा जागच्या जागी दिसल्या म्हणजे जाळी शाबूत आहे असंही नाही. वरवरचा थर ढासळला असेल, आणि काम तर त्याच थरात होत असेल. जो निबंध वेग मोजत नाही आणि गरम गाळणीची कसोटी देत नाही, त्यातला पुनर्वापर मी मोजत नाही.

एवढं सगळं होऊन मोठ्या ऑक्सिडीकरणाच्या कारखान्यांत या जाळ्या अजून टीएस-1 ची जागा घेऊ शकलेल्या नाहीत. बाजारात त्या गेल्या त्या वेगळ्या कामांसाठी, विषारी वायू सिलिंडरमध्ये कमी दाबावर साठवायला किंवा धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड धरायला. ऑक्टोबर 2025 मध्ये कितागावा, रॉबसन आणि याघी यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जेरार फेरे 2017 सालीच गेले होते. पण कारखान्याचा हिशोब वेगळा. टीएस-1 मधली सिलिका मातीमोल आहे आणि भट्टीत जाळून पुन्हा ताजी करता येते. जाळीवर काजळी धरली तर तिला भट्टीत घालता येत नाही, दांड्या स्वतःच जळतील. हा तोटा मूळचाच आहे, आणि कमी तापमानाला काम करणं हीच त्यावरची वाट.

ती वाट बर्कलीला जेफ्री लाँग यांच्या गटानं धरली. त्यांच्या जाळीत लोखंडाच्या अणूची एक बाजू उघडी असते. 2011 मध्ये दिसलं की उणे 62 अंशांना हे लोखंड ऑक्सिजन धरतं आणि सोडतं. सामान्य तापमानाला मात्र ते ऑक्सिजन धरून ठेवतं, परत देत नाही. म्हणून 2014 मध्ये त्यांनी ऑक्सिजनऐवजी नायट्रस ऑक्साइड घेतला आणि लोखंडाचे अणू एकमेकांपासून दूर राहावेत म्हणून बहुतेक जागी मॅग्नेशियम बसवलं. 75 अंशांना ईथेनपासून ईथेनॉल मिळालं. सोबत ॲसिटाल्डिहाइड अगदी थोडं, 25 भाग ईथेनॉलमागं एक. निवड अशी की कारखानदाराला हेवा वाटावा. पण लोखंडाचा एकेक अणू सरासरी दोनदाही काम करत नव्हता, आणि नायट्रस ऑक्साइड हवेसारखा फुकट मिळत नाही.

2023 मध्ये याच गटानं दुसऱ्या एका जाळीत खुद्द ऑक्सिजन वापरून लोखंडावर अतिशय क्रियाशील एकटा ऑक्सिजन-अणू उभा केला, शरीरातली काही एन्झाइम करतात त्याच पद्धतीनं. सायक्लोहेक्झेनवर ती जाळी उत्प्रेरक म्हणून फिरली. ईथेनच्या बाबतीत लोखंडाची प्रत्येक जागा एकदाच चालली. ऑक्सिजनच्या रेणूतला दुसरा अणू एन्झाइमप्रमाणंच इथंही एक कीटो-आम्ल पोटात घेतं, आणि दर फेरीला ते आम्ल स्वतः खर्ची पडतं. त्या आम्लाशिवाय, निव्वळ हवेवर हे लोखंड कसं फिरवायचं, यावर आता काम चाललं आहे.